एकतीस तारखेची माणसं

घड्याळबाईंना राग यायला निमित्त लागत नाही, असं त्यांचा नवरा म्हणायचा. ते खोटं होतं. निमित्त दर महिन्याला पोस्टाने यायचं, चार पानी, पिवळट कागदावर छापलेलं. त्याचं नाव प्रार्थनापत्रक.

पत्रकाची पद्धत अशी. मिशनची जी माणसं ठिकठिकाणी सेवेला होती, त्यांची नावं महिन्याच्या तारखांवर वाटून दिलेली असायची. एक तारखेला अमुक डॉक्टर, दोनला अमुक पाळकसाहेब आणि त्यांच्या मडम, तीनला शाळा चालवणाऱ्या दोघी बहिणी. लांबलांबच्या चर्चमधले लोक सकाळी उठून त्या तारखेचं नाव वाचायचे आणि त्या माणसासाठी प्रार्थना करायचे. पद्धत चांगलीच होती, बाईंचंही तिच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं शेवटच्या ओळीबद्दल. तीस तारखांची नावं संपली की खाली छापलेलं असायचं: ‘एकतीस: सर्व केंद्रांतील सहाय्यक.’

सहाय्यक म्हणजे नर्स, कंपाउंडर, ड्रायव्हर, स्वयंपाकीण, झाडूवाला, उपदेशक. सगळी मिळून चारशेच्या वर माणसं एका तारखेत कोंबलेली. आणि तारीख तरी कुठली, तर जी वर्षातून सातदाच उगवते.

“एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर,” बाई बोटांवर मोजून दाखवायच्या, “आणि फेब्रुवारी. या पाच महिन्यांत आपलं आपण बघायचं.”

“अगं, देव काय पत्रक वाचून कामाला लागतो?” नवरा म्हणायचा.

“देव नाही वाचत. माणसं वाचतात. म्हणून तर डोकं फिरतं.”

आता मिशनरी कुणाला म्हणायचं हा प्रश्न बाईंनी कुणाला विचारला नव्हता, पण पोटात होताच. त्याही पाठवलेल्याच होत्या की! एकोणिसाव्या वर्षी, नर्सिंगची परीक्षा झाल्यावर, घरच्या चर्चमध्ये पाळकांनी डोक्यावर हात ठेवून त्यांना पाठवलं होतं. खालच्या सपाटीवरून या डोंगरखोऱ्यात यायला तेव्हा दोन दिवस लागले. इथली बोली वेगळी, पाणी वेगळं, आणि माणसं तर सुरुवातीला दारात उभं करायची नाहीत. पहिले सहा महिने उशी भिजवण्यात गेले. मग एका घरचं मूल पायाळू आलं, ते यांनी सुखरूप सोडवलं आणि दारं आपोआप उघडली.

छातीवर उलटं टाचलेलं घड्याळ त्यांना नर्सिंगच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी दिलं होतं. नाडी बघायची तर त्याच्यात, कळा मोजायच्या तर त्याच्यात. खोऱ्यातल्या बायकांची खात्री होती की मूल कधी येणार हे त्यात लिहिलेलं असतं. तेव्हापासून त्या घड्याळबाई झाल्या आणि खरं नाव फक्त नवऱ्याला आणि सरकारी दाखल्यांना माहीत राहिलं.

पस्तीस वर्षांत पाच डॉक्टर आले आणि गेले. येताना भाषा येत नसायची, ती बाई शिकवायच्या. भाषा आली की मोठी रजा यायची, आणि रजेवर गेलेला माणूस परत यायचा नाही. प्रत्येकाच्या निरोपाला चर्चची पायपेटी बाहेर काढायची, तेच गाणं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी पुन्हा ड्रमभर पाणी उकळायला ठेवायचं. सध्याचा डॉक्टर सहावा. वयाने बाईंच्या मुलासारखा, हात चांगला, स्वभाव भित्रा. त्याच्या मडमही साध्या होत्या. दोघांचा बाईंना लोभ होता, हे सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष थोडाच होता.

तीन वर्षांपासून खोऱ्यात बंदुका शिरल्या होत्या. एक वर्दीवाले आणि एक डोंगरवाले. कोण कशासाठी लढतंय हे सुरुवातीला लोकांना ठाऊक होतं, नंतर लढणाऱ्यांनाही आठवेनासं झालं. वर्दीवाले दवाखान्यात येऊन दम द्यायचे की तुम्ही डोंगरवाल्यांना औषध देता. डोंगरवाले म्हणायचे, तुम्ही वर्दीवाल्यांना खबर देता. इकडे आड, तिकडे विहीर. पोटात दुखायला लागलं की मात्र दोघेही याच बाकावर येऊन बसायचे, आणि बाई दोघांनाही रांगेत बसवायच्या.

मागच्या पावसाळ्यानंतर उपदेशक गेले. वाड्यावस्त्यांवर फिरून सुवार्ता सांगणारा साठीचा माणूस, गळा असा गोड की दारूडेसुद्धा ऐकत बसायचे. रुग्णवाहिका एरवी बाईंचा नवरा चालवायचा. त्या दिवशी त्याला ताप होता, म्हणून बाळबाळंतिणीला घरी सोडायला उपदेशक गाडी घेऊन गेले. परतताना पुलावर गाडी पेटवली. कुणी, ते आजतागायत कळलं नाही. दोन्ही बाजूंनी हात झटकले. बाईंच्या नवऱ्याने आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात आलं: ‘केंद्र नऊ येथील रुग्णवाहिकेचे पूर्ण नुकसान झाले. एक सहाय्यकही दगावला. नवीन वाहनासाठी विशेष प्रार्थना करावी.’

आधी गाडी, मग माणूस, आणि माणसाला नाव नाही! बाईंनी ते पत्रक फाडलं नाही, चुलीतही घातलं नाही. घडी करून पवित्र शास्त्रात ठेवलं आणि म्हणाल्या, “राहू दे तिथं. त्यालाही वाचू दे.”

पत्रकाशिवाय हेड ऑफिसशी दुसरा धागा म्हणजे वायरलेस. दवाखान्याच्या कोठीत तो संच होता. रोज सकाळी सातला शहरातून एक आवाज सगळ्या केंद्रांची हजेरी घ्यायचा. “केंद्र एक?” “एक, सगळं ठीक.” “केंद्र दोन?” असं चौदापर्यंत. नऊ नंबर आला की बाई बटण दाबून म्हणायच्या, “नऊ, सगळं ठीक.” सगळं ठीक नसलं तर काय नाही ते सांगायच्या. बावीस वर्षं तोच आवाज, तोच नाकातला सूर. थंडीत त्याला खोकला व्हायचा. “ओ हेड ऑफिस,” बाई त्याला दटावायच्या, “वाफ घ्या म्हणून किती वेळा सांगायचं?” आणि तो हसायचा.

जानेवारीतल्या एका सोमवारी हजेरी झाल्यावर तो आवाज म्हणाला, “केंद्र नऊसाठी निरोप आहे. सचिवसाहेब दहापर्यंत गाडी घेऊन येतायत. यादीतल्यांनी तयार राहायचं. पूल बारापर्यंतच खुला आहे, त्यानंतर तोफा पुढे सरकणार.”

“कुठली यादी?” बाईंनी विचारलं.

“प्रार्थनापत्रकाची, बाई.” आवाज जरा खाली गेला. “आणि एक मालमत्तेची.”

केंद्र नऊची नावं पत्रकात दोनच होती. बारा तारखेला डॉक्टर, तेराला मडम. मालमत्तेच्या यादीत मात्र एकोणीस वस्तू निघाल्या. सूक्ष्मदर्शक, स्टरिलायझर, वायरलेस, पायपेटी, टाइपरायटर, आणि काय काय. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नंबर घातलेला. पायपेटीचा नंबर होता नऊ-चौदा. बाई या केंद्रात पायपेटीच्याही आधी आल्या होत्या, पण त्यांच्यावर नंबर घालायचं कुणाला सुचलं नव्हतं.

त्याचं दुःख करत बसायला वेळ नव्हता, कारण बाळंतघरात शिंपीण होती. पहिलटकरीण, आदल्या संध्याकाळी सासूबरोबर चालत आलेली. मूल आडवं होतं. डॉक्टरांनी आणि बाईंनी दोनदा फिरवून बघितलं, फिरेना.

“ऑपरेशनशिवाय सुटका नाही,” डॉक्टर ओसरीवर येऊन म्हणाले. “आणि भूल माझ्याकडे थेंबभर नाही. शहरात नेलं तर दोघं वाचतील. इथं राहिली तर संध्याकाळपर्यंत...”

“मग नेऊ या. गाडी येतेच आहे,” बाई म्हणाल्या.

गाडी दहाच्या सुमाराला आली. मोठी, उंच, मागे सहा माणसं आरामात बसतील अशी. सचिवसाहेब उतरले. गोरटेले, मऊ आवाजाचे, बूट चकचकीत. वाईट माणूस म्हणता येणार नाही. पण आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्या की माणसाला शेळी जवळून कशी दिसते ते आठवत नाही. त्यांनी सगळ्यांशी हस्तांदोलन केलं, मागची सीट दुमडायला लावली आणि यादी हातात धरून एकेक खोकं चढवून घेतलं. बाई दोनदा बोलायला गेल्या. दोन्ही वेळा साहेब म्हणाले, “एक मिनिट, सिस्टर.” पायपेटी शेवटी चढली. दार कसंबसं लागलं.

“साहेब, आता तरी ऐका. आत एक अडलेली बाई आहे. तिला घेऊन जायचंय.”

साहेबांनी मान हलवली. “सिस्टर, मला समजतं. पण बाहेरच्या माणसाला गाडीत घ्यायचं नाही, असा ठराव आहे. केंद्र चारला काय झालं माहीत आहे ना? गाडीत कुणाचा तरी भाऊ बसला आणि पुलावर गोळ्या झाडल्या. माझ्यावर यांची जबाबदारी आहे.”

“ती कुणाचा भाऊ नाही, शिंपीण आहे! तुम्ही सूक्ष्मदर्शक ज्या खोळीत गुंडाळलाय ना, ती तिने शिवली आहे.”

“शिवाय जागा कुठे आहे? तुम्हीच बघा.”

बाईंनी बघितलं. जागा पायपेटीने घेतली होती. त्यांची कानशिलं तापली. इतकी वर्षं त्या पेटीच्या सुरावर त्यांनी गाणी म्हटली होती, पण त्या क्षणी हातात कुऱ्हाड असती तर त्यांनी तिचं सरपण केलं असतं.

“डॉक्टर, तुम्ही सांगा ना,” त्या म्हणाल्या.

डॉक्टर म्हणाले, “साहेब, खरंच, ती मरेल.” साहेब म्हणाले, “सगळं प्रभूच्या हाती आहे.” डॉक्टरांनी मान खाली घातली. मडम रडायला लागल्या. संपलं.

प्रभूच्या हाती! ज्याला हात असून हलवायचे नसतात, त्याला बरोबर अशा वेळी प्रभूचे हात आठवतात. बाईंच्या ओठांवर हे आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं, घड्याळात बघितलं आणि एकदम नरम आवाजात म्हणाल्या, “बरं साहेब. तुमची इच्छा. पण असं कोरडं नका जाऊ. निघण्याआधी प्रार्थना करा आमच्यासाठी. आम्ही मागे राहणार.”

साहेबांचा चेहरा खुलला. “अवश्य, सिस्टर.”

“सावकाश करा. सगळ्या केंद्रांची करा.”

साहेबांच्या प्रार्थनेची ख्याती होती. मागच्या तीन भेटींत बाईंनी ती छातीवरच्या घड्याळात मोजली होती. चौदा मिनिटं, सोळा मिनिटं, आणि नव्या विहिरीच्या वेळेला बावीस. शिंपिणीला कळ येत होती दर सहा मिनिटांनी. आणि या लोकांची रीत अशी की प्रार्थनेत डोळे मिटायचे ते आमेन म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत. बाईंनी स्वतः पोटातल्या आजारातसुद्धा ती कधी मोडली नव्हती.

सगळे अंगणात गोल उभे राहिले. साहेब, डॉक्टर, मडम पुढे. सहाय्यक नेहमीप्रमाणे मागे. साहेबांनी डोळे मिटले, हात उंचावले आणि सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात केली.

बाईंनी डोळे उघडे ठेवले. नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. त्याने एक डोळा उघडला, बायकोकडे बघितलं, आणि तीस वर्षांच्या संसारात जे समजायला त्याला नेहमी दोनदा सांगावं लागायचं ते त्या दिवशी न सांगता समजलं. त्याने कंपाउंडरला कोपराने ढोसलं. कंपाउंडरने झाडूवाल्याला. स्वयंपाकिणीला कुणी सांगावं लागलं नाही, ती आधीच चपला काढून उभी होती. मागच्या रांगेतली पाच माणसं नाहीशी झाली आणि पुढच्यांना पत्ता लागला नाही. ज्यांची नावं कुठेच नव्हती, ती जाग्यावर नसली तरी कुणाला कळणार?

साहेबांचा ड्रायव्हर गाडीत चाकामागे बसला होता. त्याने आरशातून पाच माणसं अनवाणी येताना बघितली. बाईंनी हात जोडले. त्याने मागच्या दाराची कडी आतून सोडली, आणि मग शहाण्यासारखे डोळे मिटून घेतले.

सातव्या मिनिटाला साहेब मिशनच्या स्थापनेपर्यंत आले होते आणि पायपेटी जमिनीवर आली होती. उतरवताना तिच्या भात्यातून बारीकसा सूर निघाला. साहेब क्षणभर थांबले. साहेबांना बहुधा तो वरून आलेला वाटला, कारण ते दुप्पट जोराने पुढे निघाले. मग टाइपरायटर, मग स्टरिलायझर, मग वायरलेस आणि त्याची बॅटरी. सीट उघडली. बाळंतघरात शिंपीण कळ ओसरून घामाघूम पडली होती. बाईंनी तिच्या तोंडात टॉवेलाचा पिळा दिला आणि कानात म्हणाल्या, “पोरी, आता ओरडायचं नाही. सहा मिनिटं आहेत.”

स्ट्रेचर अंगणाच्या मध्यावर आलं आणि घड्याळ चुकलं. कळ पाचव्या मिनिटालाच आली. टॉवेलातून जो हुंकार निघाला तो सगळ्यांनी ऐकला. “होय प्रभू,” साहेब गहिवरून म्हणाले, “तुझी लेकरं कण्हत आहेत!” आणि केंद्र दहाकडे वळले.

तेवढ्यात डॉक्टरांनी डोळे उघडले. समोर स्ट्रेचर, चार कोपऱ्यांना चौघं, मागे तोंडाला पदर लावलेली सासू, आणि बाई त्यांच्याकडे रोखून बघतायत. डॉक्टर पांढरे पडले. साहेब केंद्र चौदापर्यंत पोचले होते, शेवट जवळ आला होता, आणि शिंपीण अजून गाडीच्या पायरीशीच होती.

“...आमेन,” साहेब म्हणाले.

“प्रभू!” डॉक्टर एकदम ओरडले, डोळे गच्च मिटून. “मलाही काही मागायचं आहे!”

साहेबांनी अर्धे उघडलेले डोळे पुन्हा मिटले. दुसऱ्याच्या प्रार्थनेत डोळे उघडणं त्यांनाही शोभलं नसतं. त्या भित्र्या माणसाने मग चार मिनिटं प्रार्थना केली. पाऊस मागितला, शांतता मागितली, धैर्य तीनदा मागितलं. मडमही मध्ये मध्ये “होय प्रभू” म्हणायला लागल्या. बाई सांगायच्या की आयुष्यात ऐकलेली ती सगळ्यात चांगली प्रार्थना.

आमेन झालं तेव्हा शिंपीण मागच्या सीटवर होती, सासूच्या मांडीवर डोकं ठेवून. खोकी ओसरीवर ओळीने मांडलेली होती, नंबर बाहेरच्या बाजूला करून. साहेबांनी गाडीकडे बघितलं, ओसरीकडे बघितलं.

“हे काय आहे? हे... प्रार्थनेच्या वेळी? सिस्टर, लाज नाही वाटत?”

“वाटते,” बाई म्हणाल्या. “आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले. त्याचा जाब मी वर देईन.”

“उतरवा तिला.”

“तुम्ही उतरवा.” आता बाईंचा आवाज चढला. “आम्ही मागच्या ओळीतली माणसं, आम्हाला जमणार नाही. तुमचे हात मोकळे आहेत. धरा तिला दंडाला आणि उतरवा, तुमची पेटी तिच्या जागी ठेवा, मग परत एकदा डोळे मिटून आम्हाला सांगा कुणाच्या हाती काय आहे ते!”

साहेबांच्या ड्रायव्हरने गाडी सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याने केली. “साहेब,” तो म्हणाला, “सव्वाअकरा. पूल बंद होईल.”

साहेब बसले, मडम बसल्या. डॉक्टर मागे शिंपिणीजवळ बसले, तिची नाडी धरून. जाताना ते बाईंना म्हणाले, “मी राहायला हवं होतं.” बाई म्हणाल्या, “तिच्याबरोबर कोण गेलं असतं? निघा.” गाडी गेली. स्वयंपाकीण धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली, मग चपला शोधायला लागली.

पुढचे पाच आठवडे कसे गेले ते बाई फारसं सांगत नाहीत. तोफा खोऱ्यातून दोनदा पुढे गेल्या आणि दोनदा मागे आल्या. बाळंतघराचं अर्धं छप्पर उडालं. डोंगरवाल्यांनी गाद्या नेल्या, वर्दीवाल्यांनी उरलेलं डिझेल नेलं, आणि दोघांनीही जखमी मात्र इथेच आणून टाकले. फाटकाशी एक बाक होतं. बंदूक त्या बाकावर ठेवल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, असा बाईंचा हुकूम. एका दांडगटाने विचारलं, “नाही ठेवली तर?” “तर रक्त वाहत इथंच उभा राहा,” बाई म्हणाल्या, “मला आत कामं आहेत.” ठेवली त्याने.

वायरलेसची बॅटरी दुसऱ्या दिवशी हजेरीच्या आधीच बसली. शिंपिणीचं काय झालं, काही कळायला मार्ग नव्हता. बाई रोज सकाळी पाणी उकळायच्या, फाटक उघडायच्या, दार-खिडक्या पुसायच्या. नवरा एकदा म्हणाला, “कुणासाठी एवढं?” त्या म्हणाल्या, “कुणीतरी येईल ना.” आणि यायचंच कुणीतरी. त्या पाच आठवड्यांत अकरा बाळं झाली त्या अर्ध्या छपराखाली. पण आडवं मूल दिसलं की बाईंना शिंपीण आठवायची, आणि मनात यायचं, पुलावर काही झालं असेल तर तिला त्या गाडीत मीच घातली.

फेब्रुवारीच्या मध्यावर पूल उघडला. पहिली आली ती मिठाची लॉरी, आणि तिच्यात टपालाची थैली. थैलीत पत्रक. बाईंनी चष्मा लावला. बारा आणि तेरा तारखेला डॉक्टर आणि मडम यांच्या नावांपुढे आता शहर छापलेलं होतं. पुढच्या पानावर सचिवसाहेबांचा वृत्तांत होता: ‘निघतेवेळी केलेल्या प्रार्थनेत प्रभूने एका गरजू स्त्रीसाठी गाडीत जागा निर्माण केली.’ आणि खाली, चौकटीत: ‘केंद्र नऊ: बंद.’

“जागा निर्माण केली!” बाई ओरडल्या. “माझी कंबर अजून दुखतेय ती कशाने? आणि बंद? हे बंद आहे? अहो, ऐकलंत का, आपण बंद आहोत!” आत नुकतं जन्मलेलं मूल टाहो फोडत होतं. शिंपीण जगली की मेली, याबद्दल वृत्तांतात अक्षर नव्हतं.

नवऱ्याने बॅटरी उचलली, लॉरीला जोडली आणि ती भरेपर्यंत लॉरीवाल्याला दोन तास इंजिन चालू ठेवायला राजी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई संचासमोर बसल्या. मागे कंपाउंडर, झाडूवाला आणि स्वयंपाकीण उभी.

“केंद्र आठ?” आवाज आला. तोच, नाकातला.

“आठ, सगळं ठीक.”

“केंद्र दहा?”

बाईंनी बटण दाबलं. “मधलं राहिलं.”

“कोण बोलतंय? केंद्र नऊ बंद आहे.”

“बंद केंद्रच बोलतंय,” बाई म्हणाल्या. “आणि ते ओरडतंय म्हणून सांगा तुमच्या साहेबांना.”

“बाई?” आवाज फाटला. “बाई, तुम्ही आहात? अहो, मी रोज हजेरी संपली की शेवटी नऊ नंबर पुकारायचो. हळूच. उत्तर यायचं नाही.”

“शिंपीण?” बाईंनी विचारलं.

“आहे! दोघी आहेत. मुलगी झाली. मी सायकलने गेलो होतो बघायला, चारदा गेलो. तुम्ही विचाराल म्हणून. परवा घरी सोडतायत.”

स्वयंपाकीण मागे भिंतीला टेकून खाली बसली. नवऱ्याने नाक शिंकरलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि आवाज कडक केला.

“आता लिहून घ्या. केंद्र नऊ चालू आहे. माणसं पाच. नावं सांगते.” त्यांनी एकेक नाव आडनावासकट सांगितलं. मग म्हणाल्या, “सहावं उपदेशकांचं.”

“बाई, ते तर...”

“तरी लिहा. त्यांचं कुठे छापलं नाही तुम्ही.”

“लिहितो.” कागदाची खसखस ऐकू आली. “पत्रक टाइप मीच करतो, बाई. मजकूर वरून येतो, पण बोटं माझी. ही नावं घालतो. मग काय व्हायचं ते होऊ दे. ती शेवटची ओळ टाइप करताना मला नेहमी वाटायचं...” तो खोकला. “जाऊ दे.”

“काय वाटायचं?”

“की त्यात मीही आहे. एकतीसमध्ये.”

बाईंचा हात बटणावरून सुटला. बावीस वर्षं. रोज सकाळी सात. त्याचा खोकला त्यांना माहीत होता, थंडी कधी संपली हे त्याच्या आवाजावरून कळायचं, आणि त्याचं नाव त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ओ हेड ऑफिस, म्हणून हाक मारली होती. पस्तीस वर्षं त्यांनी जो राग दुसऱ्यांच्या दारात नेऊन टाकला होता, तो फिरून त्यांच्याच उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. त्यांना लाज वाटली, अंगणातल्यापेक्षा जास्त.

त्यांनी बटण दाबलं.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “तुमचं नाव काय?”

त्याने सांगितलं. नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. स्टरिलायझरच्या खोक्यावर, नंबराच्या वर, खडूने ते लिहिलं. मग संचातून तिसराच आवाज आला, घाबरत घाबरत: “मी चारवरून बोलतोय. आम्ही तिघं आहोत. आमचीही लिहाल का?” त्याच्या मागोमाग सहा. मग अकरा.

“अगं, बॅटरी बसेल,” नवरा म्हणाला.

“बसू दे,” बाई म्हणाल्या आणि खडूचा दुसरा तुकडा शोधायला लागल्या.